सुई आत असेपर्यंत

दिवाळी अंकाच्या मंडळींनी निरोप धाडला, "काशिनाथभाऊ, एवढी वर्षं दवाखान्यात काढलीत, काही गमतीजमती लिहा." मी म्हटलं, माझी नोकरी माणसांना काळोखात धरून ठेवायची. त्यांच्या छातीत तेव्हा सुई असायची. त्यात गंमत कुठून काढू? ते म्हणाले, मग जे असेल ते लिहा. म्हणून लिहितोय. माझी शाळा चौथीत सुटली. शुद्धलेखनाचं त्यांचं ते बघतील.

दुसरंही कारण आहे. आमची भागीरथी या आषाढात गेली. घरात बोलायला कोणी उरलं नाही. सून बोलते, पण "बाबा, जेवलात का" याच्यापुढं गाडी जात नाही. तर त्या सुईखाली एकदा आमची भागीही झोपली होती, आणि धरायला मीच होतो. सांगायचं आहे ते हे. पण एकदम तिथं उडी मारली तर तुम्हाला काही कळणार नाही, आणि माझ्यानंही ती मारवत नाही.

सत्तर सालाच्या पुढची गोष्ट. आमचा छातीचा दवाखाना निजामपुऱ्यात होता. डावीकडं कापड विणायचे लूम, उजवीकडं लूम, मागच्या भिंतीला पण लूम. दिवसभर खटॅक खटॅक खटॅक. कपाटातल्या औषधाच्या बाटल्या एकमेकींना लागून वाजत राहायच्या. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. करंट गेला म्हणजे मात्र सगळी गल्ली एका क्षणात मुकी व्हायची आणि आम्ही दचकायचो. आवाजानं नव्हे, आवाज थांबला म्हणून.

रोगी बहुतेक लूमवालेच. रुईची धूळ खाऊन खोकणारे, आणि जोडीला बिडी. खोकला म्हटला की टीबी, असं तेव्हा पोरंसोरंही सांगायची. एक्स-रेच्या फोटोत पांढरा डाग दिसला की कमरेत सुया सुरू. बरेचसे बरेही व्हायचे, खोटं कशाला बोलू. पण काही डाग हलायला तयार नसत. गोल, सुपारीएवढा, तसाच्या तसा. थुंकी तपासली तर स्वच्छ. मग हा डाग टीबीचा की कॅन्सरचा? फोटोवरून ते कोणालाच खात्रीनं सांगता येत नाही. औषधं दोन्हीची वेगळी. टीबी समजून सुया देत बसावं आणि आतून तो दुसराच निघावा, म्हणजे माणूस हातचा गेला.

आमचे डॉक्टर मुंबईच्या मोठ्या इस्पितळात शिकून आलेले. ते छाती न कापता डागातला कण बाहेर काढायचे. बाहेरच्या माणसाला मी असं सांगायचो: व्यापारी भाताच्या गोणीत पोकळ सळई खुपसून चार दाणे काढून बघतो ना, तसंच. फक्त गोणी श्वास घेत नसते. सगळी भानगड त्या श्वासाची.

खोलीत मिट्ट काळोख करायचा. खिडक्यांना काळं कापड. रोगी टेबलावर उताणा, टेबलाखाली एक्स-रेचं मशीन, छातीवर एक पडदा. मशीन चालू केलं की पडद्यावर हिरवट उजेडात माणसाच्या आतलं सगळं हलताना दिसायचं. फासळ्या, उडणारं काळीज आणि तो डाग. पण हा उजेड इतका मंद, की उन्हातून आलेल्या डोळ्यांना काहीच दिसू नये. म्हणून डॉक्टर त्याआधी बराच वेळ लाल काचांचा चष्मा लावून बसायचे. त्या चष्म्यात ते वरांड्यात फिरले की बाया पदर तोंडाला लावून हसायच्या.

आधी काळोखात पडदा बघून डागाच्या बरोबर वर कातडीवर जांभळ्या औषधाची खूण करायची. मग बारीक लाल दिवा लावून जागा बधिर करायची, सुई घालायची. मग दिवा बंद, पडदा चालू. सुई डागात पोचली की नाही ते कसं कळायचं? रोग्याला हळू श्वास घ्यायला लावायचा. श्वासाबरोबर डाग वरखाली होतो. सुईचं टोक त्याच्यासंगती हललं तर आत आहे. डाग एकीकडं आणि टोक दुसरीकडं, तर बाहेर आहे. आत असली की "श्वास रोखा." मग डॉक्टर पिचकारी लावून ओढणार, सुई काढणार, टोकावरचा कण काचेच्या पट्टीवर पसरून स्पिरिटात टाकणार. पट्टी मुंबईला जायची, तिथं दुर्बिणीखाली बघायचे.

आणि मी? अंगावर शिशाचा झगा घालून मी रोग्याच्या उशाशी. माझं काम दोन गोष्टींचं. रोग्यानं हलता कामा नये, आणि डॉक्टरांनी सांगितलं की श्वास रोखायला लावायचा. सुई आत असताना माणूस खोकला किंवा उठला तर फुफ्फुस फाटतं, हवा बाहेर येते आणि फुफ्फुस भोक पडलेल्या फुग्यासारखं आत बसतं. त्यासाठी पाण्याची एक बाटली आणि रबरी नळी कोपऱ्यात तयार ठेवलेली असायची. मी रोज आधी तिच्याकडं बघायचो. काही जण देव्हाऱ्याकडं बघतात, तसं.

गिऱ्हाईकं एकेक असायची. वळचे एक पाटील आले होते. वळ म्हणजे माझी सासुरवाडी. अख्खं बिऱ्हाड टांग्यांत घालून आले. मला म्हणाले, "जावईबापू, सुई डॉक्टर टोचणार का मशीन टोचणार?"

"डॉक्टर."

"मग काळोख कशाला? काळोखात टोचतात ते चोर!"

टेबलावर झोपवल्यावर त्यांनी मोठ्यानं देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, "पाटील, देवाला जरा थांबायला सांगा. तुम्ही बोललात की छाती हलते." पाटील गप झाले, पण ओठ हलत होते, ते लाल दिव्याच्या उजेडात मला दिसत होते. त्यांचा डाग म्हणजे जुनी जखम, वाळून खडा झालेली. काही नव्हतं. पुढं लग्नाकार्यात सदरा वर करून ते सुईची जागा दाखवायचे. "फाडला मला, फाडला!" जागा तिळाएवढी पण नव्हती.

बायांची अडचण वेगळी. गळ्यातल्या सोन्याचा डागच पडद्यावर दिसायचा, खरा डाग त्याच्या मागं लपायचा. मंगळसूत्र काढा म्हटलं की बाई टेबलावरून उठून चालू पडायची. मग आम्ही हळदीत बुडवलेला दोरा ठेवायला लागलो. तो आधी गळ्यात बांधायचा, नंतर मंगळसूत्र काढायचं. दोरा पडद्यावर दिसत नाही, आणि गळा मोकळा राहत नाही.

आता निसारचाचा. तो नसता तर पुढचं काही झालं नसतं.

निसारचाचा उत्तरेकडचा विणकर, पोरवयापासून लूमवर. दोन्ही कानांनी गेलेला, पण तुम्हाला कळायचं नाही. लूमवाले सगळे असेच. कारखान्यात ओरडून उपयोग नसतो, म्हणून ते समोरच्याचे ओठ बघतात, हात बघतात. चाचाशी मी उजेडात तासभर गप्पा मारल्या. मला वाटलं, याला ऐकू येतंय. गोम ती इथं. दिवा विझला की चाचा ठार बहिरा होणार, हे ना माझ्या डोक्यात आलं, ना डॉक्टरांच्या.

सुई आत गेली. दिवा बंद झाला. डॉक्टर म्हणाले, "साँस रोको." चाचाची छाती आपली वरखाली. "साँस रोको, चाचा!" काही नाही. मला वाटलं, घाबरलाय, याला धीर द्यावा. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

आणि चाचा उठायला लागला.

छातीत सुई, आणि माणूस कोपरावर उठतोय. मी त्याच्यावर पडलोच. डॉक्टरांनी सुई ओढून काढली, पडदा बाजूला ढकलला, ओरडले, "दिवा! दिवा!" दिवा लागला तेव्हा चाचा आमच्याकडं बघत होता, काय चुकलं म्हणून. तासाभरात त्याला धाप लागली. ती बाटली लागली.

नळीचं एक टोक छातीत, दुसरं बाटलीतल्या पाण्यात. पाण्यात बुडबुडे येतात तोवर आतून हवा गळतेय. बुडबुडे थांबले की फुफ्फुस जागेवर आलं. चाचाजवळ बसून मी त्या पाण्याकडं बघत असायचो. मी म्हटलं, "चाचा, उठलात कशाला?"

"तुमने ही तो उठाया."

"मैंने कब बोला?"

"मुँह से नहीं बोला. हाथ से बोला."

मला वाटलं, म्हातारा भ्रमलाय. घरी जेवताना भागीला सांगितलं. ती भाकरी थापता थापता हसायला लागली.

"काय गो, हसतेस काय? माणूस मरता मरता वाचलाय."

"हसू न्हाय तर काय करू? अहो, कारखान्यात खांद्यावर हात पडला म्हंजे ऊठ. शिफ्ट बदलली, दुसरा आलाय, तू जागा सोड. तुम्ही त्याला उठवलात, तो उठला. त्याची काय चूक हाय?"

भागी लग्नाआधी आणि नंतरही लूमच्या कारखान्यात कांड्या भरायला, म्हणजे त्यांवर सूत गुंडाळायला जायची. तिला ते हात ठाऊक.

"मग थांब म्हणायचं असलं तर?"

तिनं पिठाच्या हातानं माझं मनगट धरलं. घट्ट. "हे. धरलं की मशीन बंद." मग सोडलं. "सोडलं की चालू. तुमच्या दवाखान्यात एवढं पण कोणी शिकवलं न्हाय?" माझ्या मनगटावर पिठाची पाच बोटं उठली होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि हात पुढं केला, "धर." मी धरलं, त्यांनी श्वास रोखला. सोडलं, त्यांनी सोडला. म्हणाले, "सोपं आहे. आजपासून हेच. वहिनींना माझा नमस्कार सांग." त्या दिवसापासून आमच्या दवाखान्यात हीच रीत. बहिरा असो, ऐकणारा असो, मराठी असो, तेलुगू असो. आधी उजेडात सराव करायचा, मग काळोख. पुढं कितीक मनगटं माझ्या हातातून गेली. जाडी, बारकी, बांगड्यांची, केसाळ. काळोखात मला तोंडं दिसत नसत, मनगटाची नाडी कळायची. नाडी पळत असली की मी डॉक्टरांना हळूच म्हणायचो, "जरा थांबू." ते थांबायचे. या एका गोष्टीची मला घमेंड आहे, ती असू द्या.

चाचा बरा झाल्यावर परत झोपला. या वेळी मनगट. एका झटक्यात काम झालं. पट्टी मुंबईला गेली. ज्या दिवशी निकाल आला त्या दिवशी चाचा वरांड्यातल्या बाकड्यावर बसलेला. डॉक्टर आत खिडकीशी उभे राहून कंपाउंडरला सांगत होते, की कॅन्सर निघाला, फार पसरलाय, याला कसं सांगायचं. अगदी हळू बोलत होते. चाचाला कसं सांगावं याचा विचार करत मी बाहेर आलो, तर चाचा टोपी घालून उभा.

"काशीभाई, साहब को बोलो तकलीफ न करें. मैंने पढ़ लिया."

काचेतून डॉक्टरांचे ओठ त्यानं वाचले होते. हळू बोललं काय आणि मोठ्यानं बोललं काय, त्याला सारखंच. त्यानं माझं मनगट धरलं, जरा वेळानं सोडलं. "चालू रखो," म्हणाला आणि जिना उतरला. नंतर गावी गेला, असं त्याच्या कारखान्यात कळलं. पहिल्या सुईत आम्ही त्याचे जे दिवस घालवले ते मला अजून टोचतात. तेवढ्यानं तो वाचला नसता असं डॉक्टर म्हणायचे. असेलही.

त्या दिवसापासून डॉक्टरांनी सवय लावून घेतली. निकालाचा कागद आला की बाकड्याकडं पाठ करूनच बोलायचे. चांगला असो, वाईट असो.

आता भागी.

तिला कोरडा खोकला लागला. पदर तोंडात कोंबून खोकायची, पोरं उठू नयेत म्हणून. पोरगा पहिलीत, पोरगी अजून अंगावर पिणारी. मी म्हटलं, चल, फोटो काढू. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला, तो खाली ठेवेनात. म्हणून मी पुढं जाऊन बघितलं. एवढी वर्षं फोटो धुतले होते, मला शिकवायला कोणी नको होतं. डाव्या बाजूला, काळजाला चिकटून, गोल. चाचाचा होता तसा.

थुंकी तपासली. स्वच्छ. परत तपासली. परत स्वच्छ. दुसऱ्या कोणाची थुंकी स्वच्छ आली तर मी "बरं झालं" म्हणायचो. या वेळी देवाला म्हणत होतो, किडे सापडू देत रे बाबा, टीबीचे किडे सापडू देत. नाही सापडले.

डॉक्टर म्हणाले, "काशिनाथ, सुई घालावी लागेल. पण जागा वाईट आहे. काळीज अगदी लागून आहे. खोकली किंवा हलली तर..." पुढचं मलाच ठाऊक होतं. "तू नको धरूस. कंपाउंडर धरील."

मी घरी येऊन तिला तसंच सांगितलं. ती धुणं पिळत होती.

"कंपाउंडर? त्याचे हात घामट. मला दुसऱ्याचा हात नको."

"भागे, माझा हात कापंल."

"कापू दे. कापला तरी धराल ना?"

त्या दिवशी तिला खोकल्याचं औषध दिलं, वर तोंडात ज्येष्ठमधाची काडी. तिनं आपल्या हातानं हळदीचा दोरा बांधला, मंगळसूत्र काढून माझ्या सदऱ्याच्या खिशात घातलं आणि वरून खिसा थोपटला. टेबलावर झोपली. पडद्यावर तिचं काळीज उडताना दिसलं. मी शेकड्यांनी काळजं बघितली होती. हे बघवेना, म्हणून मी डागाकडं बघायला लागलो. तर तो पण त्याच्या मागून डोकावत होता, प्रत्येक ठोक्याला हलत.

खूण झाली. लाल दिवा. बधिर केलं. सुई गेली. भागी हं की चूं बोलली नाही. दिवा बंद, पडदा चालू. "वहिनी, हळू श्वास." डाग हलला. टोक त्याच्यासंगती हलायला लागलं. डॉक्टरांचा सुस्कारा मी ऐकला. आत होती.

"काशिनाथ."

मी मनगट धरलं. तिनं श्वास रोखला. पडद्यावर सगळं थांबलं, काळीज सोडून. डॉक्टरांनी पिचकारी लावली.

आणि करंट गेला.

पडदा विझला. त्याच घडीला गल्लीतले सगळे लूम बंद. डाव्या भिंतीचे, उजव्या, मागचे. इतकी शांतता झाली की कोपऱ्यात नळाचा थेंब पडलेला ऐकू आला. काळोखात माझ्या बायकोच्या छातीत सुई, काळजापासून बोटभर पण लांब नाही, आणि आम्हा तिघांपैकी कोणाला काही दिसत नाही.

"कोणी हलू नका," डॉक्टर म्हणाले. आवाज अगदी साधा, बाजारात भाव विचारावा तसा. "हात जिथं होता तिथंच आहे. मी ओढतो आणि बाहेर येतो."

मला तिच्या खोकल्याची धास्ती. आता येईल, आता येईल. तिचं मनगट माझ्या मुठीत. नाडी पळत नव्हती. पळत होती ती माझी. एक बारीकसा आवाज आला, पिचकारीचा. मग डॉक्टरांनी श्वास टाकला. "आली बाहेर. टॉर्च कुठं आहे?"

टॉर्च टेबलाखाली पडलेली. सापडायला वेळ लागला. उजेड पडला तर भागीचं तोंड लाल, डोळे वटारलेले, गाल फुगलेले. डॉक्टर घाबरले. "वहिनी! काय होतंय?" ती काही बोलेना. मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं.

"अरे काशिनाथ, सोड तिला! सोड!"

मी मनगट धरूनच ठेवलं होतं. आणि मी सोडत नाही म्हणून ती श्वास घेत नव्हती.

मी सोडलं. तिनं घेतला, आणि त्याच्या पाठोपाठ इतका वेळ अडवलेला खोकला आला. खोकून झाल्यावर पहिलं वाक्य: "धरूनच बसलात? मेले असते ना मी!"

"तुला घ्यायचा ना श्वास! सुई निघाली होती."

"मला काय दिसतंय काळोखात? तुम्ही सोडलं न्हाय, मी घेतला न्हाय."

डॉक्टर भिंतीला टेकून हसायला लागले. मला हसू आलं नाही. मी बाटली जवळ ओढून बसलो. ती लागली नाही. पण काचेच्या पट्टीवर कण आला होता तो डागातला होता की शेजारचा, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. शेवटचं टोक कुठं होतं ते कोणी बघितलंच नव्हतं. "परत घालायची वेळ येऊ नये," एवढंच म्हणाले.

पट्टी मुंबईला गेली. ते दिवस कसे गेले ते लिहिता येत नाही. मी कामावर जायचो, दुसऱ्यांची मनगटं धरायचो. घरी आलो की भागी पोरांना शिकवत असायची. पोराला चूल कशी पेटवायची ते. पहिलीतल्या पोराला! मी ओरडलो, "हे काय चालवलंयस?" ती म्हणाली, "तुम्हाला भात लावता येतो का? मग याला तरी येऊ दे." मी धामणकर नाक्यापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. काय करणार.

निकाल आला त्या दिवशी भागी बाकड्यावर होती. चाचा बसायचा त्याच जागी. डॉक्टरांनी मला आत बोलावलं, कागद उघडला आणि सवयीनं बाकड्याकडं पाठ केली. सवय होती हे मला ठाऊक. तरी त्यांची पाठ तिच्याकडं वळली तेव्हा मी वाईटच धरून चाललो. मी खिडकीकडं तोंड करून. काचेपलीकडं भागी, आणि ती माझ्या ओठांकडं बघतेय. कांड्या भरणारी बाई. तिलाही वाचता येत होतं. हे मला त्या घडीला आठवलं.

मी ओठ घट्ट मिटून घेतले. काही झालं तरी तिला माझ्या तोंडावरून कळायला नको.

डॉक्टरांनी कागद वाचला. परत वाचला. "काशिनाथ," म्हणाले, "नशीबवान आहेस. किडे सापडले."

"म्हणजे?"

"टीबी. गाठ टीबीची आहे."

मी काय ओरडलो ते वरांड्यातल्या सगळ्यांनी ऐकलं. "टीबी हाय! भागे, टीबी हाय गो!" बाकड्यावरची माणसं माझ्याकडं बघायला लागली. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "याला जास्ती हाय." टीबी झाला म्हणून हात जोडणारा माणूस त्यांनी कधी बघितला नसेल. भागी बाकड्यावरच होती. ती रडत होती, आणि रडता रडता हातानं मला खुणावत होती, हळू बोला, हळू बोला, लोक बघतायत.

दीड वर्ष सुया आणि गोळ्या. ती तेवढ्यात जाडजूड झाली. नंतर दवाखान्यात मुंबईहून नवीन मशिनं आली, मग डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला. आता काळोख लागत नाही म्हणतात. उजेडात, संगणकावर बघून सुई घालतात. चांगलं आहे. लोकांना आजही सुईचं भय वाटतं, त्यांना मी सांगतो, घालून घ्या. भय सुईचं नसतं, निकालाचं असतं. आणि निकाल माहीत नसला म्हणून बदलत नाही.

भागीच्या छातीला त्यानंतर काही झालं नाही. तिचं काळीजच थकलं शेवटी. त्या डागाचा शेजारी. इस्पितळात दुपारची वेळ, भेटायला आलेली माणसं पांगलेली, सून खाली औषधं आणायला गेलेली. भागीला श्वास जड चालला होता. एकेक लांबून, विहिरीतून ओढल्यासारखा. मी खाटेशी बसून तिचं मनगट धरलं होतं. नाडी बघायला म्हणून धरलं, आणि तसंच राहिलं. अलीकडं तिलाही कमी ऐकू यायचं. बोलून उपयोग नव्हता.

तिनं डोळे उघडले. आधी माझ्याकडं बघितलं, मग मनगटाकडं. मग ओठ हलवले. आवाज नव्हता. पण एवढी वर्षं लूमवाल्यांत काढलेला माणूस मी, मला तेवढं वाचता येतं.

"सोडा आता," म्हणाली. "किती वेळ धराल?"

मी नाही सोडलं. ती बघत राहिली. तिनं श्वास घेतला नव्हता. मी सोडायची वाट बघत होती, त्या दिवसासारखीच.

मग मी सोडलं.